विश्लेषण : स्पोर्ट्स कार ‘खाली’ करताना आधी काय बदलावे? स्प्रिंग, शॉकअप की आणखी काही?

चाक आणि मडगार्डमधली फट कमी झाली की गाडी उभ्या जागीही वेगवान दिसते. त्यामुळे स्पोर्ट्स कार हातात आली की अनेक हौशी मालक पहिला खर्च ती ‘खाली’ करण्यावर करतात. रेसिंगच्या गाड्या जमिनीलगत असतात, म्हणजे गाडी जितकी खाली तितकी ती वळणावर चांगली, असा यामागचा सरळ हिशेब असतो. तो अर्धाच खरा आहे. काही मिलिमीटरपर्यंत गाडी खाली केल्याचा फायदा होतो. त्यापुढे तीच गाडी वळणावर अधिक कलू शकते, खड्ड्यात आदळते आणि ओल्या रस्त्यावर अचानक हातातून सुटू शकते. म्हणूनच कोणता सुटा भाग घ्यायचा, हे त्याच्या किमतीपेक्षा चाकाला वर-खाली होण्यासाठी किती जागा उरते यावर ठरवायला हवे.

गाडी खाली करतात म्हणजे नेमके काय करतात?

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकअब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, वजन पेलत नाही; दबलेली स्प्रिंग परत उसळताना होणारे हेलकावे तो शमवतो. त्याचे तांत्रिक नाव डॅम्पर. आखूड स्प्रिंग बसवली किंवा स्प्रिंगची बैठक खाली सरकवली की गाडीचा सांगाडा चाकांच्या तुलनेत खाली येतो. चाकाचा व्यास तोच राहतो, पण चाकाला वर सरकण्यासाठी असलेली जागा कमी होते. दुचाकीचा मागचा शॉकअप पूर्ण दबल्यावर जसा ‘धप्प’ आवाज येतो, तसाच गाडीतही दबण्याचा शेवट असतो. तिथे रबराचा किंवा फोमचा बंपस्टॉप बसवलेला असतो. गाडी जितकी खाली, तितका हा शेवट जवळ.

फायदा खरोखर किती होतो?

टोयोटा जीटी८६ हे त्यासाठी चांगले उदाहरण आहे. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून तयार केलेली ही दोन दरवाजांची, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार २०१२ मध्ये बाजारात आली. टोयोटाने ती भारतात अधिकृतपणे विकली नाही. मात्र, सस्पेन्शनचे सुटे भाग जगभरात ज्या गाड्यांसाठी मुबलक मिळतात, त्यांत ती वरच्या रांगेत आहे. तिचे वजन साधारण १२४० किलो, तर दोन चाकांमधील रुंदी सरासरी १५३ सेंमी. आडव्या सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनामुळे तिचा गुरुत्वमध्य मुळातच खाली आहे. हिशेबासाठी तो जमिनीपासून ४६ सेंमीवर धरू.

ही गाडी एका ‘जी’च्या जोराने वळली, तर आतल्या चाकांवरील सुमारे ३७३ किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. गुरुत्वमध्य २५ मिमी खाली आणला, तर हा आकडा ३५३ किलोवर येतो. फरक २० किलोंचा, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास. चारही चाकांवर भार जितका समान, तितकी टायरची एकूण पकड जास्त, त्यामुळे हा फायदा खरा आहे. पण तो लहान आहे. जीटी८६ कारखान्यातून येत असे ती मिशेलिन प्रायमसी एचपी या २१५ मिमी रुंदीच्या टायरवर. ते आरामदायी रस्त्यासाठीचे टायर आहे. अशा गाडीला अधिक पकडीचे टायर बसवले तर मिळणारा फरक गाडी २५ मिमी खाली करण्यापेक्षा बराच मोठा असतो.

मग नुकसान कुठे होते?

चाक उभ्या स्थितीतून वर ७० मिमी सरकू शकते, असे उदाहरणादाखल मानू. गाडी ३० मिमी खाली केली की ४० मिमी उरतात. स्प्रिंग दबताना तिच्यात साठणारी ऊर्जा दबलेल्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. ७० ला ४० ने भागले की १.७५ येतात आणि त्याचा वर्ग होतो तीनच्या आसपास. शॉकअप आणि बंपस्टॉपचा वाटा बाजूला ठेवला, तर तोच खड्डा तेवढ्याच सफाईने पचवण्यासाठी आता स्प्रिंग तिप्पट कडक हवी. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या बहुतेक लोअरिंग स्प्रिंग इतक्या कडक नसतात. असत्या, तर त्या गाडीत बसणे नकोसे झाले असते. परिणामी गाडी वारंवार बंपस्टॉपवर आदळते.

सरळ रस्त्यावर हा प्रश्न पाठीच्या मणक्यांपुरता राहतो. वळणावर तो सुरक्षेचा होतो. घाटात गाडी एका बाजूला झुकलेली असताना बाहेरचे मागचे चाक खड्ड्यावरून गेले आणि बंपस्टॉप पूर्ण दबला, तर मागची बाजू एका क्षणात कितीतरी पट कडक होते. त्या चाकावरचा भार झटक्यात वाढतो, टायरची मर्यादा ओलांडली जाते आणि मागची बाजू बाहेर फेकली जाते. चालकाने स्टीअरिंग किंवा ॲक्सिलरेटरमध्ये काहीच बदललेले नसते, त्यामुळे सावरायला इशारा मिळत नाही. पावसाळ्यातल्या घाटरस्त्यावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

जास्त खाली केल्यावर गाडी अधिक कशी कलते?

जीटी८६च्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींच्या पुढेही हीच रचना असते. तीत चाकाखाली एक आडवा हात, म्हणजे लोअर आर्म असतो. वळताना गाडीचा सांगाडा ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलतो, त्याला रोल सेंटर म्हणतात आणि त्याची जागा या हाताच्या कोनावर ठरते. गाडी खाली आली की हाताचे सांगाड्याकडचे टोक खाली जाते, चाकाकडचे टोक तिथेच राहते. त्यामुळे रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली उतरते.

या दोन बिंदूंमधले अंतर गाडीला कलवणाऱ्या तरफेसारखे काम करते. गाडी २५ मिमी खाली आली आणि रोल सेंटर त्याहून जास्त उतरले, तर तरफ लांबते. मग तेवढ्याच कडकपणाच्या स्प्रिंगवर गाडी पूर्वीपेक्षा अधिक कलते. दिसायला खाली, वागायला मूळ गाडीहून मागे, अशी स्थिती होते. लांब बॉल जॉइंट बसवून हाताचा कोन पूर्ववत करता येतो, पण तो आणखी एक सुटा भाग आणि आणखी एक खर्च झाला. ज्याला केवळ गाडीचे कलणे कमी करायचे आहे, त्याच्यासाठी जाड अँटिरोल बार हा उंचीला हात न लावणारा मार्ग आहे.

कंपन्या स्वतः गाड्या किती खाली करतात?

याचे उत्तर पोर्शेच्या ७१८ केमनच्या पर्यायांमध्ये मिळते. विद्युत नियंत्रित डॅम्परचा पर्याय घेतला तर गाडी १० मिमी खाली येते. त्याच्या स्पोर्ट प्रकारात २० मिमी. ट्रॅकसाठी घडवलेली जीटी४ ही आवृत्ती ३० मिमी खाली आहे. मात्र त्या ३० मिमीसाठी केवळ स्प्रिंग बदललेल्या नाहीत. पुढच्या सस्पेन्शनची रचना ९११ जीटी३च्या धर्तीवर केली आहे. चाचणीची सर्व साधने हाताशी असलेली कंपनी रस्त्यावरच्या गाडीसाठी १० ते २० मिमीवर थांबते. गॅरेजमध्ये ५० मिमीची मागणी करणाऱ्याने हे लक्षात घेण्यासारखे आहे. पोर्शे ९११ला पुढचा भाग सुमारे ४० मिमी उचलून घेण्याची सोयही पर्याय म्हणून देते. रॅम्प आणि गतिरोधक यांचा प्रश्न युरोपातही आहे, याचीच ही कबुली.

बाजारात पर्याय कोणते?

पहिला आणि स्वस्त पर्याय म्हणजे फक्त लोअरिंग स्प्रिंग. आयबाख, एच अँड आर या जर्मन कंपन्यांचे संच त्यासाठी प्रसिद्ध आहेत. यात शॉकअप मूळचेच राहतात आणि अडचण तिथेच असते. स्प्रिंग ४४ टक्के कडक केली, तर हेलकाव्यांवर तितकेच नियंत्रण राखण्यासाठी शॉकअपचा विरोध २० टक्के वाढावा लागतो. जुना शॉकअप ते करू शकत नाही. शिवाय तो आता सतत अधिक दबलेल्या स्थितीत काम करतो. ८०-९० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत मूळ शॉकअप ठेवून नवी स्प्रिंग बसवणे म्हणजे गाडी डुलती करून घेणे.

दुसरा पर्याय म्हणजे आखूड स्प्रिंगला जुळणारा आखूड शॉकअप. बिलस्टीनच्या यादीतून हा फरक नीट समजतो. बी४ हा मूळ शॉकअपच्या जागी बसणारा, बी६ मूळ उंचीसाठीचा पण अधिक नियंत्रण देणारा, तर बी८ हा लोअरिंग स्प्रिंगसाठी मुद्दाम आखूड केलेला. बी१२ या संचात बी८ आणि आयबाखच्या स्प्रिंग एकत्र येतात. उंची एकदाच ठरते, पण स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी बनवलेले असतात. रोज गाडी वापरणाऱ्यासाठी हा बहुधा सर्वांत समतोल मार्ग ठरतो.

तिसरा पर्याय कॉइलओव्हरचा. यात शॉकअपवर आटे असतात आणि बैठक फिरवून उंची बदलता येते. केडब्ल्यूच्या व्ही१ प्रकारात फक्त उंची बदलते. व्ही२मध्ये स्प्रिंग परत ताणली जातानाचा विरोधही बदलता येतो आणि व्ही३मध्ये दबतानाचा आणि ताणतानाचा, असे दोन्ही स्वतंत्रपणे. पण जितक्या कळा जास्त, तितक्या चुकीच्या जागी फिरवण्याच्या शक्यताही जास्त. ट्रॅकवर न जाणाऱ्या मालकाला व्ही३ची किंमत वसूल होईलच असे नाही.

कॉइलओव्हर घेताना एक प्रश्न विचारायलाच हवा : उंची कमी केल्यावर शॉकअपचा प्रवास कमी होतो की तेवढाच राहतो? काही रचनांत स्प्रिंगची बैठक खाली आणली की दांड्याला उरलेली जागाही तेवढीच घटते. काहींत शॉकअपचे खालचे नळकांडे स्वतंत्रपणे फिरते, त्यामुळे उंची बदलली तरी प्रवास टिकतो. दुसरा प्रकार सरस, मात्र त्यात टायर मडगार्डच्या आतल्या भागाला घासणार नाही ना, हे तपासावे लागते. एअर सस्पेन्शन हा चौथा मार्ग. उभी असताना गाडी जमिनीला टेकवायची आणि चालवताना उचलायची, ही हौस त्याने भागते. कॉम्प्रेसर, टाकी आणि नळ्या यांचे वजन आणि देखभाल मात्र सोबत येते.

स्प्रिंग कापून घेतली तर?

हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट उपाय आहे. वेटोळे कापले की स्प्रिंग थोडी कडक होते, हे खरे. पण तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लटकले की आखूड स्प्रिंग जागेवरून सुटू शकते आणि परत बसताना तिरकी बसू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवणे तर त्याहून धोक्याचे. स्प्रिंगच्या पोलादाचा ताठपणा नेमक्या उष्णताप्रक्रियेतून आलेला असतो. तापवल्यावर तो जातो आणि स्प्रिंग पुढे आपोआप बसत जाते किंवा तुटते.

स्प्रिंग-शॉकअपच्या पलीकडचा खर्च कोणता?

गाडी खाली आली की चाकांचे कोन बदलतात. चाकाचा वरचा भाग आत झुकतो, याला निगेटिव्ह कँबर म्हणतात. थोडा झुकाव वळणावर उपयोगी पडतो, पण त्याबरोबर टो, म्हणजे चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळण्याचा कोनही बदलतो आणि टायरची आतली कड झपाट्याने झिजते. त्यामुळे व्हील अलाइनमेंट हा या कामाचा अटळ भाग आहे. जीटी८६मध्ये मागच्या चाकांचा कँबर कारखान्याच्या भागांनी जुळवता येत नाही. त्यासाठी लांबी बदलता येणारे वेगळे लोअर आर्म घ्यावे लागतात. पुढची आणि मागची उंची वेगवेगळ्या प्रमाणात बदलली, तर हेडलाइटचा झोतही सरकतो. ज्या गाड्यांत पुढे कॅमेरा किंवा रडार आहे, त्यांत ते पुन्हा जुळवून घ्यावे लागते. कोकण किनारपट्टी आणि मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत कॉइलओव्हरचे आटे गंजून धरतात. ते वेळोवेळी स्वच्छ करावे लागतात.

आपल्या गतिरोधकांवर काय होते?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांतील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. त्याच्या वक्राची त्रिज्या १७ मीटर धरली आहे आणि ताशी २५ किमीने तो ओलांडता यावा, अशी अपेक्षा आहे. जीटी८६च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २.५७ मीटर, तर जमिनीपासूनची उंची १३० मिमी. गाडी या गतिरोधकाच्या मधोमध आली की चारही चाके त्याच्या उतारावरच असतात. भूमितीने हिशेब केला तर गाडीच्या पोटाखालची केवळ ४९ मिमी जागा जाते. म्हणजे ३० मिमी खाली केलेली गाडीही पाच सेंमी राखून पार होते.

पण तोच १० सेंमीचा उंचवटा हातभर रुंदीचा असेल, तर तो चाकांच्या मध्ये येतो आणि पोटाखालची पूर्ण १०० मिमी जागा घेतो. गल्लोगल्ली रातोरात उगवणारे गतिरोधक बहुतांशी असेच असतात. ३० मिमी खाली आलेल्या गाडीखाली नेमके १०० मिमीच उरलेले असतात. दोन प्रवासी बसले की ते त्याहून कमी. मग ऑइलचा चेंबर किंवा सायलेन्सर घासतो. चेंबरला तडा जाऊन ऑइल गळाले आणि ते लक्षात आले नाही, तर इंजिनच जाम होते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मालकाला वाहनात असे बदल करता येत नाहीत, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रावरील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात उत्पादकाचे मूळ तपशील हाच निकष असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनीला न कळवलेला बदल आढळला, तर दाव्यावर वाद उभा राहू शकतो, तो वेगळाच.

जर्मनीत याच सुट्या भागांसोबत तपासणी अहवाल येतो. भाग बसवल्यावर तज्ज्ञाकडून गाडी तपासून घ्यायची आणि गरजेप्रमाणे कागदपत्रांत नोंद करायची, अशी पद्धत आहे. जपानमध्ये गाडीखाली किमान ९ सेंमी जागा हवी, असा साधा निकष आहे. म्हणजे १३० मिमीची जीटी८६ तिथे ४० मिमी खाली केली की मर्यादेला टेकते. आपल्याकडे सीएनजी किट बसवण्यासाठी मान्यताप्राप्त किट आणि आरसीवर नोंद, अशी वाट आहे. सस्पेन्शनसाठी सामान्य ग्राहकाला इतकी सरळ वाट दिसत नाही. पुण्यात एआरएआयसारखी वाहन चाचणी संस्था असताना सुट्या भागांचे प्रमाणीकरण आणि नोंद अशी व्यवस्था उभारणे अशक्य नाही. तसे झाले तर चांगले काम करणारी गॅरेजे उजेडात येतील आणि स्प्रिंग कापणाऱ्यांवर कारवाई सोपी होईल. सरसकट बंदी असली की दोघेही एकाच अंधारात राहतात.

मग क्रम काय असावा?

आधी गाडीत झिजलेले काय आहे ते पाहावे. रबरी बुश, बॉल जॉइंट आणि शॉकअप थकलेले असतील तर ते बदलल्यावरच मूळ गाडी कशी चालते हे कळते. मग टायर. त्यानंतरही गाडी जास्त कलते असे वाटले तर अँटिरोल बार किंवा मूळ उंचीचे चांगले शॉकअप यांचा विचार करावा. उंचीचा क्रमांक शेवटचा. ती कमी करायचीच असेल, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडून परवानगीची स्थिती समजून घ्यावी आणि रोजच्या रस्त्यासाठी १५ ते २५ मिमीच्या आत थांबावे. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच संचातले घ्यावेत.

दुकानदाराला विचारायचे प्रश्न तीनच : स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा किती टक्के कडक आहे, शॉकअप तिच्यासाठी जुळवलेला आहे का, आणि गाडी खाली आल्यावर बंपस्टॉपपर्यंत किती मिलिमीटर उरतात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडून केवळ दिखाव्याची उंची मिळते. अशा वेळी गाडी आहे तशी ठेवून पैसे टायरवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.